पोतडी घरी ठेवून : पॅरिस पॅरालिंपिकमधील स्वयंसेवा

ऑलिंपिक व तत्सम महास्पर्धांविषयी आपल्याकडे जे छापून येते ते बहुतेक पदकांविषयी असते. प्रेक्षकाला त्याचे आसन दाखविणारा, अंध पाहुण्याला जिना उतरविणारा, चुकलेल्या मुलाला त्याच्या आईपर्यंत पोहोचविणारा जो प्रचंड वर्ग तेथे राबत असतो, तो बहुतांशी विनावेतन काम करतो, ह्याची फारशी दखल घेतली जात नाही. २०१२ च्या लंडन येथील स्पर्धांसाठी सुमारे ७०,००० स्वयंसेवक घेण्यात आले. त्यासाठी सुमारे २,४०,००० अर्ज आले होते. २०२२ मध्ये कतार येथे झालेल्या फुटबॉल विश्वचषकासाठी २०,००० जागा होत्या आणि अर्ज चार लाखांहून अधिक. पॅरिसच्या २०२४ मधील ऑलिंपिक व पॅरालिंपिक अशा दोन्ही स्पर्धांसाठी मिळून ४५,००० स्वयंसेवक हवे होते. अर्ज तीन लाखांवर गेले. त्या ४५,००० मध्ये आमचा समावेश झाला आणि पॅरालिंपिकच्या काळात आम्ही पॅरिसमध्ये सेवा केली.

परत आल्यापासून अनेक वैद्यबंधूंनी, विशेषतः नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणांनी, एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. "तेथे आयुर्वेदाला कितपत वाव आहे?" ह्या प्रश्नाचे उत्तर एकदाच सविस्तर द्यावे ह्या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. थोडक्यात सांगावयाचे तर स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या वैद्यास तेथे आयुर्वेदाची चिकित्सा करण्यास तिळमात्र वाव नाही, आणि तसा वाव नसणे हेच योग्य आहे. तरीही वैद्याने जावे असे आमचे मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

निवड आणि खर्च

पॅरिससाठी अर्ज २२ मार्च ते ३ मे २०२३ ह्या काळात मागविण्यात आले होते. वयाची अठरा वर्षे पूर्ण, फ्रेंच अथवा इंग्रजी भाषेचे ज्ञान आणि किमान दहा दिवस काम करण्याची तयारी, एवढ्याच प्रमुख अटी होत्या. पदवीची अट नव्हती. स्वभाव, आवडीनिवडी, लोकांत मिसळण्याची हौस, उभे राहून काम करण्याची तयारी, अशा गोष्टींविषयीची लांबलचक प्रश्नावली मात्र भरून द्यावी लागली. ती भरताना प्रकृतिपरीक्षणाच्या आपल्या तक्त्याची आठवण झाली, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

निवड झालेल्यास गणवेश, कामाच्या दिवशी भोजन आणि शहरातील प्रवासाची सवलत मिळते. विमानभाडे आणि निवास ह्यांचा भार ज्याचा त्यानेच उचलावयाचा असतो. चिकित्सालय तीन आठवडे बंद राहते तो तोटा वेगळाच. एवढे सारे करून तेथे आपल्या वाट्यास येणारे काम कोणते, तर आमच्या बाबतीत ते होते स्टाद द फ्रान्स ह्या क्रीडागाराच्या प्रवेशमार्गावर प्रेक्षकांना वाट दाखविण्याचे. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेले हे क्रीडागार पॅरिसच्या उत्तरेस सँ-दनी ह्या उपनगरात आहे. त्याला लागून उपनगरी रेल्वेच्या दोन मार्गांवरील दोन स्वतंत्र स्थानके आहेत, आणि कोणत्या दारातून बाहेर पडल्यास कोणते स्थानक जवळ पडेल हे दिवसातून शेकडो वेळा सांगावे लागते. "जिना कोठे? उद्वाहक कोठे? पाणी कोठे?" ह्यापलीकडे आमच्या ज्ञानाची कोणास गरज पडली नाही.

ह्यावर विशीतील एका वैद्याने आम्हांस विचारले की, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून हे काम करावयाचे काय? त्यास आम्ही चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्याय पुन्हा वाचावयास सांगितले. चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी प्रथम वर्षापासून पाठ केलेले आहेत. त्यांपैकी भिषक् ह्या पहिल्या पादात आपण सारे आयुष्य घालवितो. उपस्थाता हा पाद मात्र परीक्षेपुरता राहतो. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे व्हावयाचे, आणि प्रत्यक्षात ते आपल्या परिचारिकेत आहेत की नाहीत एवढेच पाहावयाचे. स्वतः उपस्थाता होऊन, वरिष्ठाच्या आज्ञेत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेपर्यंत उभे राहण्याचा प्रसंग वैद्यावर सहसा येत नाही. तो पॅरिसमध्ये आमच्यावर आला. आमच्या गटाची प्रमुख तिशीही न ओलांडलेली एक तरुणी होती, आणि तिच्या अनुमतीशिवाय जागा सोडता येत नसे.

पॅरालिंपिकच का?

आमचे चिकित्सालय सांगली जिल्ह्यात आहे. भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक ह्याच जिल्ह्यात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकरांनी मिळविले, हे आता त्यांच्यावरील चित्रपटामुळे अनेकांना ठाऊक झाले आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या ह्या सैनिकाने १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले.

पॅरालिंपिकचे मूळही एका चिकित्सकाच्या कक्षात आहे. लुडविग गुटमान हे ज्यू मज्जातंतुविशारद नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडमध्ये आले आणि स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. असे रुग्ण तेव्हा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ह्यांनी थोड्याच काळात दगावत. त्यांना अंथरुणावर पडू देणे एवढीच काय ती चिकित्सा मानली जाई. गुटमान ह्यांनी दर काही तासांनी कूस पालटण्याची शिस्त लावली, मूत्रमार्गाच्या स्वच्छतेवर कटाक्ष ठेवला आणि रुग्णांना चेंडू, धनुष्य हाती देऊन व्यायामास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. १९६० मध्ये रोम येथे सुमारे ४०० खेळाडू जमले. २०२४ मध्ये पॅरिस येथे २२ क्रीडाप्रकारांत ४,४०० च्या आसपास खेळाडू होते आणि ५४९ पदकस्पर्धा झाल्या. शय्याव्रणाच्या चिकित्सेपासून निघालेली ही वाट येथवर आली, हे पाहण्याची इच्छा कोणत्याही चिकित्सकास व्हावी.

खेळाडूंच्या गावात कृत्रिम अवयव आणि व्हीलचेअर दुरुस्त करणारी एक मोठी कार्यशाळा असते. १९८८ च्या सोल स्पर्धेपासून ओटोबॉक ही जर्मन कंपनी ती चालविते. कोणाच्या पायाचा सांधा सैल होतो, कोणाचे चाक वाकते, आणि कारागीर सामन्याच्या आधी ते नीट करून देतात. पंगुत्वाविषयीच्या आपल्या ग्रंथातील आणि चिकित्सालयातील विचारात सुतार-लोहाराला स्थान नाही. ते असावयास हवे, असे आम्हांस वाटू लागले आहे.

स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात अपंग व्यक्तीशी कसे वागावे ह्याचा एक भाग होता. व्हीलचेअर हा त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजावा, विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. प्रश्न सोबत्याला न विचारता त्या व्यक्तीलाच विचारावा. अंध व्यक्तीचा हात आपण न धरता आपले कोपर तिला धरू द्यावे. वाचा अडखळत असेल तर वाक्य आपण पूर्ण करू नये. ह्यांतील दुसरा नियम आपल्या व्यवसायात रोज मोडला जातो. पक्षाघाताचा रुग्ण समोर बसलेला असतो आणि "भूक कशी आहे? मलप्रवृत्ती कशी आहे?" हे सारे त्याच्या मुलाला विचारले जाते. त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षा ही रुग्णाची असते, त्याच्या मुलाची नव्हे.

प्रवेशमार्गावर उभे असतानाच आणखी एक गोष्ट ध्यानी आली. उन्हाच्या दिवशी व्हीलचेअरवरून आलेल्या प्रेक्षकांना सावलीतून नेण्याविषयी आम्हांस वारंवार बजावण्यात येई. कण्याला उंचावर इजा झालेल्या व्यक्तीस इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. पंचकर्म करणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. अशा रुग्णास सर्वांगस्वेद देताना स्वेदप्रवृत्ती हे सम्यक् लक्षण दिसण्याची वाट पाहत बसल्यास अनर्थ ओढवेल. आणि स्पर्शज्ञान नसलेल्या पायावर पिंडस्वेद केल्यास त्वचा भाजली तरी रुग्ण हूं की चूं करणार नाही. आपल्या भागात अशा रुग्णांना सर्रास तेल आणि शेक दिला जातो म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले.

४ सप्टेंबर २०२४ रोजी त्याच क्रीडागारात गोळाफेकीच्या एफ-४६ ह्या गटात आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी ह्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या कॅनडाच्या खेळाडूची फेक १६.३८ मीटर होती. अंतर अवघे सहा सेंटिमीटरांचे. जांभळ्या रंगाची ती प्रसिद्ध धावपट्टी आमच्यापासून फार तर एका भिंतीच्या अंतरावर होती. आम्ही मात्र त्या वेळी भिंतीच्या बाहेर होतो आणि एका वृद्ध दांपत्याला त्यांचे दार शोधून देत होतो. आपल्या जिल्ह्याचा मुलगा पदक घेतो आहे हे आम्हांस आतून आलेल्या आरोळीनंतर बऱ्याच वेळाने कळले. गणवेश घातलेल्या माणसाने आपल्या देशाचा जयघोष करू नये, खेळाडूंकडे स्वाक्षरी मागू नये, त्यांच्यासोबत छायाचित्र काढण्याचा आग्रह धरू नये, असा संकेत आहे. आम्ही त्या दांपत्याला दार दाखविले आणि पुन्हा जागेवर आलो.

"वनस्पतीच आहे ना?"

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. एका दुपारी दक्षिण आशियातील एका पथकासोबत आलेले मदतनीस प्रेक्षकांत बसण्यासाठी आमच्या दाराने आले. आमची चर्या पाहून त्यांनी हिंदीत विचारपूस केली, आणि आम्ही वैद्य आहोत हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या एका खेळाडूची कंबर धरली होती. पथकाचे डॉक्टर गोळ्या देण्यास तयार नव्हते. "तुमच्याकडे काही असेल तर द्या. वनस्पतीच आहे ना, त्याने काय होणार?" हे त्यांचे शब्द.

आमच्याकडे काही नव्हते. निघण्यापूर्वीच आम्ही निश्चय केला होता की, औषधांची पोतडी घरी राहील. स्वतःच्या उपयोगाचे सीलबंद त्रिफळा चूर्ण, तेही निवासस्थानी, ह्यापलीकडे एकही कल्प आम्ही नेला नव्हता. त्यामुळे नकार देणे सोपे गेले. सद्गृहस्थ थोडे नाराज झाले. कंबर धरलेल्या माणसास आपल्यापैकी बहुतेकांनी कोणते औषध दिले असते, हे वाचकांनी क्षणभर मनाशी आठवावे.

आमच्या पिढीच्या वैद्यांच्या हाताला चटकन येणाऱ्या कल्पांत विषतिंदुक वटी आहे, अग्नितुंडी आहे, नवजीवन रस आहे. ह्या तिहींत कुचला आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, निषिद्ध सूचीत उत्तेजकांच्या वर्गात नावानिशी नमूद आहे आणि स्पर्धाकाळात ते निषिद्ध आहे. ते नावानिशी येण्यामागे इतिहास आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारा थॉमस हिक्स वाटेत कोलमडू लागला तेव्हा त्याच्या साहाय्यकांनी त्यास अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन आणि वर ब्रँडी पाजली होती. त्या काळी नियम नव्हता. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चीनची व्हॉलीबॉलपटू वू दान हिच्या नमुन्यात हेच द्रव्य सापडले आणि तिला स्पर्धेबाहेर व्हावे लागले. खुलासा पारंपरिक वनौषधींच्या बलवर्धकाचा देण्यात आला. तो बलवर्धक देणाऱ्यानेही मनात म्हटले असेल, वनस्पतीच आहे ना!

उत्तेजकविषयक नियमांचा गाभा असा की, खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तो स्वतः जबाबदार असतो. कोणी दिले, कोणत्या हेतूने दिले, हे शिक्षा कमी-जास्त करताना विचारात घेतले जाते. निकाल मात्र रद्द होतोच. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान हिला पथकाच्या डॉक्टरांनी सर्दीची गोळी दिली. तीत स्यूडोएफेड्रिन होते. तिचे वैयक्तिक सर्वसाधारण सुवर्णपदक काढून घेण्यात आले. मुलीने फसविण्याच्या हेतूने काही केले असे कोणीही म्हटले नाही, तरी पदक गेले ते गेलेच. पथकाच्या डॉक्टरांना स्पर्धेतून घालवून देण्यात आले. जेथे पथकाच्या अधिकृत चिकित्सकाची ही गत, तेथे दारावरील स्वयंसेवकाने खिशातून पुडी काढून देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

कुचल्यापुरताच हा विषय असता तर बरे होते. सोमलतेतील, म्हणजे एफेड्रा वनस्पतीतील, एफेड्रिन हे मूत्रात प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास स्पर्धाकाळात दोष मानला जातो. श्वासाच्या रुग्णांसाठी ही वनस्पती वापरणारे वैद्य आपल्यात आहेत. जातिफलादि चूर्णात भांग असते, कर्पूर रस व निद्रोदय रसात अहिफेन. गांजा-भांगेतील द्रव्ये आणि अफूतील मॉर्फिन, दोन्ही स्पर्धाकाळात निषिद्ध. ग्रहणीच्या रुग्णास दिलेले जातिफलादि, खेळाडू असेल तर त्याची कारकीर्द संपवू शकते. आसवारिष्टांविषयी अनेकजण विचारतात म्हणून सांगतो, मद्यार्क पूर्वी तिरंदाजीसारख्या काही खेळांपुरता सूचीत होता, २०१८ पासून तो वगळण्यात आला आहे.

ह्या सर्वांहून कठीण उदाहरण गुळवेलीचे आहे. हायजेनामीन नावाचे द्रव्य २०१७ च्या सूचीत प्रथमच नावानिशी घालण्यात आले. श्वासनलिका विस्फारणाऱ्या वर्गातील हे द्रव्य स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, सदासर्वकाळ निषिद्ध आहे. ते टिनोस्पोरा क्रिस्पा ह्या वनस्पतीत आढळते, असे वाडानेच नमूद केले आहे. आपली गुळवेल ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दोघी एकाच कुळातील, दिसावयास सारख्या. बाजारात एकीच्या जागी दुसरी येते. कोविडच्या काळात गुळवेलीने यकृतास अपाय झाल्याची प्रकरणे गाजली तेव्हा आयुष मंत्रालयानेही ह्याच सादृश्याकडे लक्ष वेधले होते. म्हणजे वैद्याने लिहिले गुडूची, औषधालयाने दिली गुडूची म्हणून, आणि खेळाडूच्या मूत्रात निघाले हायजेनामीन, असे घडू शकते. वत्सनाभाच्या कुळातील पूर्व आशियाई जातींत आणि कमळबीजाच्या हिरव्या अंकुरातही हेच द्रव्य सापडते. द्रव्यगुणाच्या परीक्षेत प्रतिनिधी-द्रव्ये पाठ करणाऱ्या आपल्यासारख्यांना भेसळ आणि प्रतिनिधी ह्यांतील भेदाची एवढी मोठी किंमत कधी मोजावी लागली नव्हती.

सांधेदुखीच्या काही चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ असते, हे येथे केवळ उल्लेखून पुढे जातो. तो विषय ह्या नियतकालिकास नवा नाही, आणि त्याबद्दल आम्हांस जे वाटते ते सौम्य शब्दांत लिहिता येणार नाही.

सुईचीही तीच कथा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धांत निवासात सुई बाळगण्यावर निर्बंध होते. भारतीय पथकातील एका थकलेल्या खेळाडूस जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यानंतर सुईची विल्हेवाट नियमानुसार लावली नाही म्हणून पथकाच्या डॉक्टरांना ताकीद मिळाली. पुढे काही दिवसांनीच आणखी सुया सापडल्या आणि दोन भारतीय खेळाडूंना मायदेशी पाठविण्यात आले. आपल्याकडे "शक्तीचे इंजेक्शन" मागणारा रुग्ण आणि ते देणारा चिकित्सक ह्यांना एकमेकांची सवय आहे. तेथे ती चालत नाही.

पाटीवरील मजकूर

कायद्याचा भागही स्पष्ट केला पाहिजे. बी.ए.एम.एस. ही पदवी फ्रान्समध्ये चिकित्सेचा अधिकार देत नाही. तेथे नोंदणीशिवाय रोगनिदान अथवा चिकित्सा करणे हा दंडनीय अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि तीस हजार युरोपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नाडी पाहणे हा आपल्याकडे ओळख वाढविण्याचा प्रकार असतो. तेथे तो अपराधाच्या कक्षेत जाऊ शकतो. आमच्याच गटातील एका सेवानिवृत्त फ्रेंच बाईंनी, त्यांना आयुर्वेदाचे कुतूहल होते, गंमतीने हात पुढे केला होता. आम्ही त्यांना नाडी म्हणजे काय ते समजावून सांगितले. हाताला हात लावला नाही. बाईंना ते चमत्कारिक वाटले असावे.

हे एवढ्यासाठी लिहितो की, अशा स्पर्धांतून परतलेल्या काही मंडळींच्या पाट्यांवर आणि पत्रकांवर "आंतरराष्ट्रीय क्रीडावैद्यकाचा अनुभव" असा मजकूर आमच्या पाहण्यात आला आहे. स्वयंसेवेचे प्रमाणपत्र मिळते ते उपस्थितीचे. ज्याने प्रेक्षकांना जिना दाखविला, त्याने खेळाडूंची चिकित्सा केली असे रुग्णास भासविणे ही सरळ सरळ फसवणूक आहे. तेथील बहुचिकित्सालयात काम करण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांना त्या त्या देशाच्या नोंदणीची वाट धरावी लागेल. दुसरी वाट नाही.

विनावेतन श्रमांबद्दलची टीकाही लपवू नये. कोट्यवधी युरोंची उलाढाल करणाऱ्या स्पर्धेने हजारो माणसांकडून फुकट काम का करून घ्यावे, असा प्रश्न फ्रान्समध्येच कामगार संघटनांनी आणि इतरांनी विचारला होता. तो प्रश्न रास्त आहे. आमच्या शेजारी उभा राहणारा खासगी सुरक्षारक्षक वेतन घेत होता आणि आम्ही घेत नव्हतो. काम दोघांचे सारखेच कंटाळवाणे होते. तरी आम्हांस त्याचा विषाद वाटला नाही, कारण आम्ही तेथे पोट भरावयास गेलो नव्हतो आणि घरी परतल्यावर चिकित्सालय उघडे होणार होते. ज्याचे पोट हातावर आहे अशा तरुण वैद्याने मात्र कर्ज काढून ह्या वाटेस जाऊ नये. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. तेथे विमानाचा आणि परकी चलनाचा प्रश्न नाही. त्याने तोवर थांबावे.

औषधालयांसाठी

परत आल्यानंतर आम्ही आमच्या औषधालयात एक बदल केला. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये ज्या ज्या कल्पांत आहेत, ते सर्व कल्प एका स्वतंत्र फडताळात ठेवले. कुचला, भांग, अहिफेन आणि वत्सनाभ ही चारही ह्या अनुसूचीत असल्याने मोठा भाग तेथेच वेगळा होतो. परंतु तेवढ्यावर विसंबून भागत नाही. सोमलता त्या अनुसूचीत नाही, आणि गुळवेलीच्या नावाखाली येणारी दुसरी वेल तर कोणत्याच अनुसूचीत सापडावयाची नाही. तेव्हा गुळवेल आता आम्ही ओळख पटवून देणाऱ्या पुरवठादाराकडूनच, वनस्पतीच्या शास्त्रीय नावाच्या दाखल्यासह घेतो. थोडी महाग पडते.

गल्ल्यावर बसणाऱ्या मुलास एक प्रश्न शिकविला आहे. पंचविशीच्या आतील धडधाकट गिऱ्हाईक वातविकाराची, श्वासाची अथवा झोपेची गोळी मागू लागल्यास त्याने विचारावयाचे, "खेळता का? स्पर्धा केव्हा आहे?" उत्तर होकारार्थी आल्यास औषध न देता त्यास आमच्याकडे पाठवावयाचे. वाडाची सूची दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. म्हणून आमची मराठी यादीही दर डिसेंबरात तपासून नव्याने लिहून काढावी लागते. कल्पाचे नाव, त्यातील संशयित द्रव्य, आणि ते स्पर्धेपुरते निषिद्ध की सदैव, असे तीन रकाने. भारतातही २०२२ पासून उत्तेजकांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि राष्ट्रीय पातळीवरील कुस्तीगिरांचे नमुने घेतले जातात. सांगली-कोल्हापूरच्या औषधालयांना पैलवान हे गिऱ्हाईक काही नवे नाही.

गेल्या मोसमात जवळच्या एका तालमीचे वस्ताद कंबरेसाठी तेल न्यावयास आले होते. त्यांनी ती यादी उभ्या उभ्या वाचली, अग्नितुंडीपाशी थांबून "ही तर आमच्याकडे डबाभर आहे" म्हणाले, आणि एक प्रत मागून घेतली. तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली ती आता चिकटविलेली आहे.